‘हे’, ‘आहे’ आणि ‘शरीर’ : मार्बुर्गच्या वादाची भाषिक मीमांसा

इ. स. १५२९ च्या ऑक्टोबर महिन्याचे पहिले चार दिवस जर्मनीतील मार्बुर्गच्या गढीत धर्मसुधारणेच्या चळवळीचे अग्रणी एकत्र जमले होते. विटेनबर्गहून मार्टिन लूथर व फिलिप मेलांख्थॉन, झुरिकहून उलरिख झ्विंग्ली, बाझलहून योहान्नेस एकोलाम्पाडियस, श्ट्रासबुर्गहून मार्टिन बुट्सर असे पंडित तेथे आले होते. निमंत्रण हेसचा तरुण अधिपती फिलिप याचे होते आणि त्यामागील निकडही तशीच मोठी होती. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात श्पायर येथील साम्राज्यसभेने सुधारणेची वाट रोखणारा ठराव बहुमताने संमत केला होता. त्या ठरावाविरुद्ध ज्या अल्पसंख्य संस्थानिकांनी व नगरांनी निषेध नोंदविला त्यांनाच पुढे ‘प्रोटेस्टंट’ हे नाव पडले. सम्राटाची वक्रदृष्टी त्यांच्यावर वळली होती. पूर्वेस सुलतान सुलेमानाच्या फौजांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता. अशा वेळी सॅक्सनी, हेस, श्ट्रासबुर्ग आणि स्विस नगरे यांनी एकजूट केली तरच आपला निभाव लागेल, हे फिलिपने ओळखले होते. ती एकजूट झाली नाही. मांडलेल्या पंधरा कलमांपैकी चौदांवर उभय पक्षांनी सह्या केल्या; पंधराव्याचाही बराच भाग सर्वमान्य झाला. अडले ते एकाच मुद्द्यावर : शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर मोडून शिष्यांना देताना येशूने जे चार शब्द उच्चारले त्यांचा अर्थ काय?

भाषेच्या अभ्यासकास या वादाचे विशेष आकर्षण वाटावे असे कारण आहे. धर्मशास्त्रावरील बहुतेक वाद दुर्बोध वचनांवरून माजतात. येथे वचन दुर्बोध नव्हते. त्यात एक दर्शक सर्वनाम, एक संयोजक क्रियापद, एक नाम आणि एक संबंधदर्शक शब्द एवढाच ऐवज आहे. कोणत्याही भाषेच्या पहिल्या पाठात शोभावे असे ते वाक्य आहे. तरी त्यावर एवढे मतभेद झाले की, १५७७ साली इंगोलश्टाट येथे ख्रिस्तोफ रासपर्गर या कॅथलिक लेखकाने या चार शब्दांचे प्रतिपक्षाने केलेले दोनशे अर्थ एका पुस्तकात गोळा करून दाखविले. रासपर्गरचा हेतू अर्थातच उपहासाचा होता आणि दोनशे ही संख्या भरविण्यासाठी त्याने हात सैल सोडला असावा असे वाटते. पण हा खटाटोप करावासा वाटला, हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मूळ पाठ प्रथम पाहावा लागेल. हा प्रसंग मत्तय, मार्क व लूक या तीन शुभवर्तमानांत आला आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातही तो आहे, आणि ते पत्र या तिन्ही शुभवर्तमानांहून जुने आहे. भाकरीविषयीचे मूळ विधान चारही ठिकाणी जवळजवळ सारखे आहे. प्याल्याविषयी मात्र दोन परंपरा दिसतात. मत्तय व मार्क यांच्या पाठात प्याल्यातील पेयास ‘कराराचे रक्त’ म्हटले आहे. पौल आणि लूक यांच्या पाठात प्याल्यालाच ‘रक्ताने झालेला नवा करार’ म्हटले आहे. चौथ्या, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानात हा प्रसंग मुळीच नाही. तेथे शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुतो. आणि देह खाण्याची व रक्त पिण्याची भाषा येते ती कितीतरी आधी, सहाव्या अध्यायात, कफर्णहूम येथील प्रवचनात. हे विषम वाटप ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व वादांत कोणता पक्ष कोणते वाक्य कोणत्या वाक्याशेजारी ठेवून वाचतो यावरच निकाल अवलंबून राहिला.

सुधारणावाद्यांत या वाक्यावर पहिला हल्ला केला तो आंद्रेआस कार्लश्टाट याने, आणि त्याने बोट ठेवले ते सर्वनामावर. ग्रीक भाषेत भाकरीसाठी असलेला ‘आर्तोस’ हा शब्द पुल्लिंगी आहे, तर वाक्यातील ‘तूतो’ (हे) हे सर्वनाम नपुंसकलिंगी आहे. सर्वनाम भाकरीला उद्देशून असते तर ते पुल्लिंगी हवे होते; ज्या अर्थी तसे नाही, त्या अर्थी येशूने ते शब्द उच्चारताना भाकरीकडे नव्हे, स्वतःच्या देहाकडे निर्देश केला असला पाहिजे, असा कार्लश्टाटचा तर्क होता. १५२४-२५ मध्ये या तर्काने बरीच खळबळ उडविली आणि लूथरने त्याच्या खंडनार्थ एक मोठा ग्रंथ लिहिला.

मराठी भाषकास या युक्तिवादातील दोष दाखवून देण्यासाठी ग्रीक व्याकरणाची आवश्यकता नाही. ओळख करून देणाऱ्या वाक्यात दर्शक सर्वनाम विधेयाच्या लिंगाशी मेळ राखते, हा आपल्या बोलण्यातील रोजचा अनुभव आहे. शेतकरी आपल्या बैलावर हात ठेवून ‘ही माझी सारी दौलत’ असे म्हणतो. बैल पुल्लिंगी आहे म्हणून तो ‘हा माझी दौलत’ म्हणत नाही. तद्वतच भाकर स्त्रीलिंगी असली तरी ती हातात घेऊन बोलणारा मराठी माणूस ‘हे माझे शरीर’ असेच म्हणेल. ‘ही माझे शरीर’ ही रचना त्याच्या तोंडी येणारच नाही. ग्रीकमध्येही ‘सोमा’ (शरीर) हे नाम नपुंसकलिंगी असल्याने सर्वनाम त्याच्याकडे ओढले गेले, एवढाच याचा अर्थ. जर्मन भाषेत तर अशा वाक्यात विधेय कोणत्याही लिंगाचे असो, ‘डास’ हे एकच रूप चालते. कार्लश्टाटच्या मातृभाषेने ही विधेयाकर्षणाची सवय त्याला कधी दाखविलीच नसल्याने ग्रीक वाक्य त्यास विलक्षण वाटले, असे अनुमान करण्यास जागा आहे. त्याची सूचना त्याच्या मित्रांनीही फारशी उचलून धरली नाही.

दुसरा मार्ग क्रियापदाचा होता. हेग येथील कोर्नेलिस हून या डच विधिज्ञाने एका पत्रात असे सुचविले होते की, लॅटिन पाठातील ‘एस्त’ (आहे) याचा अर्थ येथे ‘सिग्निफिकात’ (दर्शविते) असा घ्यावा. हून १५२४ साली वारला; पुढच्याच वर्षी झ्विंग्लीने ते पत्र लेखकाचे नाव न देता छापले आणि तोच अर्थ आपला म्हणून पुढे मांडला. त्याच्यापाशी दाखले भरपूर होते. येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो; उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ फारोच्या स्वप्नाचा उलगडा करताना सात गाई म्हणजे सात वर्षे असे सांगतो. परंतु हे दाखले दृष्टान्तातले किंवा स्वप्नातले असल्याने ते येथे लागू पडत नाहीत, असा आक्षेप निघाला. तेव्हा, झ्विंग्लीने स्वतःच सांगितल्याप्रमाणे, १५२५ च्या एप्रिलमध्ये झुरिक येथे नव्या विधीचे पहिले प्रभुभोजन व्हायचे होते त्याच्या आदल्या रात्री त्यास स्वप्न पडले आणि स्वप्नात कोणीतरी त्यास निर्गमाच्या पुस्तकातील वल्हांडणाच्या भोजनाविषयीचे वाक्य सुचविले. हा दाखला दृष्टान्तातला नव्हता, विधीचाच होता, आणि तोही त्याच वल्हांडण-सणाचा. झ्विंग्ली हर्षभरित झाला. स्वप्नात मिळालेल्या व्याकरणाची प्रतिपक्षाने यथेच्छ थट्टा केली, हे सांगावयास नकोच.

एकोलाम्पाडियसने मात्र क्रियापद सोडून नाम धरले. ‘आहे’ हे ‘आहे’च राहू द्यावे, ‘शरीर’ या शब्दाचा अर्थ ‘शरीराचे प्रतीक’ असा घ्यावा, असे त्याचे म्हणणे. तेर्तुल्लियन या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील लेखकाचा त्यास आधार होता. निष्कर्ष झ्विंग्लीचाच, पण वाट निराळी. व्याकरणाच्या दृष्टीने ही वाट अधिक निर्दोष होती असे म्हटले पाहिजे. झ्विंग्लीच्या दाखल्यांना लूथरने जे उत्तर दिले ते भाषाशास्त्रज्ञाच्या कसोटीवर टिकणारे आहे. ख्रिस्त द्राक्षवेल आहे या वाक्यात ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवितो’ असा होत नाही, असे तो म्हणतो. तेथे ‘द्राक्षवेल’ हा शब्दच नव्या अर्थाने आलेला असतो आणि ख्रिस्त त्या नव्या अर्थाची वेल खरोखरच असतो. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर, ‘तो सिंह आहे’ या वाक्यात लक्षणा ‘सिंह’ या पदावर असते, ‘आहे’वर नव्हे. संयोजकाला स्वतःचा असा अर्थ फारच थोडा. त्याला वाकवून वाक्याचा अर्थ वाकत नाही.

लूथरचा स्वतःचा पक्ष काय होता? शब्द सरळ घ्यावे, हा. पण तोही अगदी अलंकारावाचून राहिला नाही. १५२८ सालच्या आपल्या ग्रंथात तो थैलीचे उदाहरण देतो : थैलीकडे बोट दाखवून कोणी ‘हे शंभर गुल्डन’ असे म्हणाला तर थैली आणि नाणी या दोहोंना मिळून ते विधान लागू असते, थैली नाहीशी होत नाही आणि नाणीही काल्पनिक ठरत नाहीत. भाकर भाकरच राहते आणि तिच्यासह शरीरही खरोखर दिले जाते, हे त्याला यातून सांगावयाचे होते. रोमच्या मताप्रमाणे मात्र भाकरीचे द्रव्य उरत नाही, केवळ तिचे रंग, रुची, आकार आदी गुण उरतात. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वापरलेली आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने पक्की केलेली ‘द्रव्यांतर’ ही संज्ञा ती हीच. म्हणजे ‘सरळ अर्थ’ असा दावा करणारेही दोघे होते आणि त्यांचे सरळ अर्थ परस्परांहून भिन्न होते.

संस्कृत शब्दमीमांसेशी परिचित असलेल्या वाचकाच्या ध्यानात वादाचे मर्म येथे यावे. मम्मटाने लक्षणेसाठी पहिली अट घातली ती मुख्यार्थबाधाची. गंगेवर गवळ्यांची वाडी आहे असे कोणी म्हटले असता प्रवाहावर घरे उभी राहू शकत नाहीत, म्हणून ‘गंगा’ याचा अर्थ ‘गंगेचा तीर’ असा आपण करतो. मुख्य अर्थाला बाध येत नसेल तर लक्षणेकडे वळण्याचा कोणालाही अधिकार नाही. झ्विंग्लीचे म्हणणे, बाध येतो : ख्रिस्ताचे शरीर स्वर्गात पित्याच्या उजव्या हाती आहे, आणि शरीर म्हटले की ते एका वेळी एकाच स्थळी असावयाचे. लूथरचे म्हणणे, बाध येत नाही : ईश्वराचा उजवा हात ही काही जागा नव्हे, ईश्वराची सत्ता सर्वत्र आहे आणि ख्रिस्ताचा देह त्या सत्तेत सहभागी आहे. दोघेही भाषेचा एकच नियम मान्य करीत होते. मतभेद होता तो शरीर, स्थळ आणि ईश्वरी सामर्थ्य यांविषयी. वाक्याच्या व्याकरणात त्याचे उत्तर असणे शक्य नव्हते. नव्य नैयायिकांनी याहूनही पुढे जाऊन असे प्रतिपादिले की, लक्षणेचे बीज अन्वयाच्या अनुपपत्तीत नसून तात्पर्याच्या अनुपपत्तीत आहे. वक्त्याचा अभिप्राय काय हे आधीच ठरलेले असेल, तरच शब्दार्थ त्याशी जुळतो किंवा जुळत नाही, असे म्हणता येते. आणि अभिप्राय ठरविण्याचे काम परंपरा करते. ‘तत्त्वमसि’ या महावाक्याचा अर्थ अद्वैत्यांनी लक्षणेने लावला, मध्वाचार्यांनी तर पदच्छेदच बदलून ‘अतत्’ असा पाठ घेतला, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. तेथेही चार अक्षरांच्या वाक्यात वादाचा निकाल नव्हता.

मार्बुर्गच्या बैठकीची जी टाचणे उपस्थितांनी करून ठेवली त्यांवरून वादाचा सूर कळतो. एका वृत्तान्तानुसार लूथरने आरंभीच खडूने मेजावर ते चार लॅटिन शब्द लिहिले व त्यांवर मखमलीचे आच्छादन घातले. पुढे लेखी प्रमाणाची मागणी झाली तेव्हा त्याने ते आच्छादन दूर करून अक्षरांकडे बोट दाखविले. झ्विंग्ली ग्रीक पाठ वाचू लागला तेव्हा त्यास जर्मन अथवा लॅटिन वाचण्यास सांगण्यात आले. देहाचा काही उपयोग नाही, आत्माच जीवन देणारा आहे, या अर्थाचे जे वचन योहानाच्या सहाव्या अध्यायात आहे तेच झ्विंग्लीचे मुख्य शस्त्र होते. हे वचन तुमची मान मोडील, असे तो आवेशात लूथरला म्हणाला. ‘मान मोडणे’ हा स्विस बोलीतला सरळसाधा वाक्प्रचार. लूथरने तो अक्षरशः घेतला आणि आपण हेसमध्ये आहोत, स्वित्झर्लंडमध्ये नव्हे, येथे माना इतक्या सहज मोडत नाहीत, असे सुनावले. झ्विंग्लीला क्षमा मागून आपल्या प्रांतातील लकब समजावून द्यावी लागली. वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांवरच ज्यांचा वाद चालला होता त्यांच्यात हा प्रसंग घडावा, ही योगायोगाची गंमत म्हणावी.

गावात घामाच्या साथीने प्रवेश केला आणि बैठक आवरती घ्यावी लागली. अखेरीस झ्विंग्लीने साश्रू नयनांनी बंधुत्वाचा हात पुढे केला. लूथरने तो स्वीकारला नाही. तुमचा आत्मा निराळा आहे, असे त्याने श्ट्रासबुर्गच्या मंडळीस म्हटले. फिलिपला हवी असलेली व्यापक युती तेथेच बारगळली. दोन वर्षांनी, ११ ऑक्टोबर १५३१ रोजी, काप्पेलच्या लढाईत झुरिकचा पराभव झाला आणि झ्विंग्ली रणांगणावर मारला गेला. लूथरपंथी व कॅल्व्हिनपंथी अशी जी दोन शकले पुढे साडेचार शतके युरोपात नांदली त्यांच्यामधील भेग येथेच पडली.

आधुनिक काळात या वादाचा निकाल अरामी भाषेच्या आधारे लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. येशूची बोलभाषा अरामी होती आणि अरामीत अशा वाक्यात संयोजक क्रियापद अवश्य नसते. मूळ वाक्यात ‘आहे’ नव्हतेच, तर मग त्यावरून वाद कसला, असे म्हणणे वरवर मोहक वाटते. परंतु हा तर्क टिकणारा नाही. मराठीतही ‘हे माझे घर’ हे क्रियापदाविना पूर्ण वाक्य होते. घरासमोर उभे राहून ते म्हटले तर तादात्म्य सूचित होते आणि मुलाने पाटीवर काढलेल्या चौकटीकडे बोट दाखवून म्हटले तर प्रतीक सूचित होते. क्रियापद घातले किंवा गाळले म्हणून दोहोंपैकी एकही अर्थ नाहीसा होत नाही. अरामी पाठात क्रियापद नसणे हे झ्विंग्लीलाही साहाय्यक नाही आणि लूथरलाही बाधक नाही. सुरियानी भाषेतील प्राचीन भाषांतरात संयोजकाचे काम एका सर्वनामाने केले आहे आणि ते भाषांतर वाचणाऱ्या पौर्वात्य ख्रिस्ती समाजांनी या वाक्यावरून पाश्चात्त्यांसारखा वाद घातला नाही. मात्र त्यांच्या शांततेचे श्रेय त्या सर्वनामाला देता येत नाही.

पौर्वात्यांचे वाद वेगळ्या शब्दांवरून झाले. १०५३ साली ओख्रिदचा आर्चबिशप लिओ याने लॅटिन मंडळी बेखमीर भाकर वापरते म्हणून तिच्यावर टीका केली. ग्रीकांचे म्हणणे असे की, शुभवर्तमानात ‘आर्तोस’ हा शब्द आहे आणि ‘आर्तोस’ म्हणजे फुगलेली, खमिराची भाकर. हा पुरावा दुबळा आहे, कारण जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात याच शब्दाला ‘बेखमीर’ असे विशेषण जोडलेले आढळते. खरे कारण शब्दाआड होते : पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे ते भोजन वल्हांडणाचे, म्हणून भाकर बेखमीर असणार, योहानाप्रमाणे येशूचा मृत्यू वल्हांडणाच्या भोजनापूर्वी झाला, म्हणून आदल्या रात्रीची भाकर साधी असणार. रोमने मत्तयाच्या आधारे, कॉन्स्टँटिनोपलने योहानाच्या आधारे आपला विधी समर्थिला. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने दोन्ही भाकरी ग्राह्य ठरविल्या, पण ग्रीक जनतेने ती एकी स्वीकारली नाही.

याहून मूलगामी दाखला असिरियन पौर्वात्य मंडळीचा आहे. तिच्या उपासनेतील ‘अद्दाई व मारी’ या नावाच्या अतिप्राचीन प्रार्थनेत हे चार शब्द मुळी येतच नाहीत. ज्या वाक्याच्या उच्चाराने भाकरीचे रूपांतर होते असे रोमचे शास्त्र सांगत आले, ते वाक्य वगळूनही एक समाज हा संस्कार शतकानुशतके करीत आला. मलबारातील सुरियानी ख्रिस्त्यांचे उपासनाग्रंथ १५९९ साली उदयंपेरूर येथील धर्मसभेत गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी रोमन मापाने दुरुस्त करण्याचा आदेश दिला, तेव्हा असल्या भिन्नतेकडे दोष म्हणूनच पाहिले गेले. २००१ साली मात्र रोमनेच या प्रार्थनेची ग्राह्यता मान्य केली. ते शब्द सलग आले नसले तरी त्यांचा आशय प्रार्थनेत विखुरलेला आहे, असे कारण देण्यात आले. वाक्याचा अर्थ वाक्यावाचूनही राहू शकतो, हे यात मान्य झाले.

प्याल्यासंबंधीच्या वाक्याचा इतिहासही कमी रक्तरंजित नाही. सर्वांनी यातून प्यावे, अशी आज्ञा मत्तयाच्या पाठात आहे. बारा शिष्यांखेरीज तेथे दुसरे कोणी नव्हते, म्हणून ‘सर्वांनी’ म्हणजे सर्व धर्मगुरूंनी, असे मध्ययुगीन रोमन मंडळीचे समर्थन. ‘सर्वांनी’ म्हणजे सर्व श्रद्धावंतांनी, असा बोहेमियातील याकोउबेक याचा १४१४ चा आग्रह. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने सामान्य जनांस प्याला देण्यास मनाई केली, यान हुसला त्याच वर्षी जिवंत जाळले आणि बोहेमियात पुढे दीर्घ युद्ध पेटले. हुसपंथीयांचा मोठा आधार योहानाचा सहावा अध्याय हा होता. हाच अध्याय पुढे झ्विंग्लीने नेमक्या उलट कामासाठी वापरला, लूथरने तो या संस्काराविषयी नाहीच असे सांगितले आणि ट्रेंटच्या परिषदेने १५६२ साली त्याचे अनेक अर्थ संभवतात असे म्हणून प्रश्न खुला ठेवला. एका अध्यायाचे चार उपयोग झाले आणि प्रत्येक उपयोग करणाऱ्यास तो स्वयंस्पष्ट वाटला.

भाषाविचाराच्या इतिहासात मात्र या कलहाने एक मोलाची भर घातली. फ्रान्समध्ये आंत्वान आर्नो व पिएर निकोल या पोर-रोयालच्या पंडितांनी १६६२ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथास १६८३ च्या आवृत्तीत काही नवी प्रकरणे जोडली. त्यांतील चिन्हविचार आणि दर्शक सर्वनामाचा विचार याच चार शब्दांच्या समर्थनार्थ, कॅल्व्हिनपंथी पाद्री झाँ क्लोद याच्याशी झालेल्या वादातून, घडला आहे. ‘हे’ म्हणजे नक्की काय? बोलण्याच्या आरंभी भाकर आणि वाक्य संपताना शरीर, असे असेल तर मधल्या क्षणी सर्वनाम कशाचा निर्देश करते? हा प्रश्न तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनेही विचारला होता. आर्नो व निकोल यांचे उत्तर असे की, ‘हे’ या शब्दाने केवळ ‘समोर असलेली वस्तू’ एवढी अस्पष्ट कल्पना व्यक्त होते, बाकीची भर श्रोत्याचे मन घालते. दर्शक सर्वनामांविषयीचे हे निरीक्षण धर्मशास्त्र बाजूला ठेवूनही ग्राह्य वाटते.

इंग्लंडने हा प्रश्न सोडविला नाही, बाजूला ठेवला. आणि तो बाजूला ठेवण्यापूर्वी किंमत चुकविली. ॲन ॲस्क्यू या स्त्रीस १५४६ साली लंडनमध्ये जाळण्यात आले ते भाकरीतील देहाची प्रत्यक्षता नाकारली म्हणून. भाकर देताना धर्मगुरूने उच्चारावयाच्या शब्दांत १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात ख्रिस्ताच्या देहाचा उल्लेख होता. १५५२ च्या पुस्तकात तो काढून त्या जागी स्मरणाचा उल्लेख घातला गेला. १५५९ साली, एलिझाबेथच्या कारकिर्दीत, दोन्ही वाक्ये एकापुढे एक जोडून दिली. श्रद्धावंताने हात पुढे करावा आणि दोहोंपैकी जे पटेल ते मनात धरावे. ही तडजोड व्याकरणाच्या दृष्टीने अनाकर्षक असली तरी चार शतके टिकली.

हे सारे वाद महाराष्ट्रात आले ते तयार होऊन, आणि निरनिराळ्या वाटांनी. वसई व गोव्याच्या कॅथलिकांनी ‘मिस्सा’ हा पोर्तुगीजमधून आलेला शब्द ठेवला. त्यात बलिदानाची कल्पना अध्याहृत आहे. अमेरिकन मराठी मिशन आणि स्कॉटिश मिशन यांच्या मंडळ्यांत ‘प्रभुभोजन’ हा शब्द रुळला. त्यात पंगतीची कल्पना आहे. १८८२ साली मुंबईस उतरलेल्या मुक्तिफौजेने तर पुढच्याच वर्षापासून हा विधी करणेच थांबविले. मराठी ख्रिस्ती माणूस कोणता शब्द उच्चारतो यावरून त्याच्या पूर्वजांना दीक्षा कोणी दिली हे पुष्कळदा ओळखता येते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांचे एकीकरण होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा या भिन्न वाटांपैकी काही एकत्र आल्या. तीत अँग्लिकन होते, म्हणजे १५५९ च्या जोडवाक्याचे वारस. प्रेसबिटेरियन व काँग्रेगेशनल परंपरेची संयुक्त मंडळी होती, तीतच अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या सामावल्या होत्या. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आणि डिसायपल्स होते. आणि डहाणू व दक्षिण गुजरात या भागांत काम करणारे ब्रेदरन होते. १७०८ साली जर्मनीतील श्वार्त्सेनाऊ येथे उदयास आलेल्या या ब्रेदरन पंथाचे येथे विशेष महत्त्व आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशूने एकमेकांचे पाय धुण्यास सांगितले आहे; ब्रेदरन ती आज्ञा अक्षरशः पाळतात. त्यांच्या प्रीतिभोजनात प्रथम पाय धुतले जातात, मग सारे एकत्र जेवतात आणि शेवटी भाकर व प्याला येतो. ती भाकर मात्र ते प्रतीकच मानतात. उलट रोमन परंपरेत भाकरीविषयीचे वाक्य अक्षरशः घेतले जाते आणि पाय धुण्याची आज्ञा वर्षातून एका गुरुवारी, मोजक्या जणांचे पाय धुऊन, प्रतीकरूपाने पाळली जाते. लूथरनेही मार्बुर्गला मेजावर खडूने लिहिले ते भाकरीविषयीचे वाक्य. पाय धुण्याची आज्ञा लिहिली नाही. कोणत्याही परंपरेस सरसकट ‘वाच्यार्थवादी’ किंवा ‘लक्ष्यार्थवादी’ हे नाव देता येत नाही. कोणते वाक्य सरळ घ्यावयाचे हे प्रत्येक परंपरेत तिच्या विधीने आधीच ठरवून दिलेले असते आणि व्याकरणाला साक्षीस बोलाविले जाते ते मागाहून.

युरोपातील भेग सांधण्यास आणखी तीन वर्षे लागली. १९७३ च्या मार्च महिन्यात बाझलजवळील लॉइएनबेर्ग येथे लूथरपंथी व रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एका समझोत्यास अंतिम रूप दिले आणि सोळाव्या शतकातील परस्परनिषेध आजच्या शिकवणीस लागू होत नाहीत असे जाहीर करून परस्परांच्या मेजावर बसण्याचा मार्ग मोकळा केला. ‘एस्त’ या क्रियापदाचा अर्थ त्या समझोत्याने निश्चित केलेला नाही. ख्रिस्त भाकर व द्राक्षारस यांच्यासह स्वतःस देतो, एवढेच त्यात म्हटले आहे. तो कसा देतो या प्रश्नावर उभय पक्षांचे पंडित आजही आपापल्या मतांवर कायम आहेत आणि त्याच मतांनिशी ते एका पंगतीला बसतात.